हत्तीच्या पाठीवर कोणाची पुस्तकं?

'विद्यापीठाचे ग्रंथालय आता डिजिटल' अशी बातमी हल्ली दर दोन महिन्यांनी वाचायला मिळते. बातमीखाली फोटो असतो. कुलगुरू फीत कापताहेत, बाजूला मंत्री, मागे नवं कोरं स्कॅनर, त्याला झेंडूचा हार आणि हळदकुंकवाची बोटं. खाली मजकूर : ज्ञानाची दारं सर्वांना खुली. मी ती बातमी दोनदा वाचतो. दारं खुली झाली, ठीक. पण आत काय आहे? ते आत कोणी नेलं? आणि जे बाहेर राहिलं ते का राहिलं? याबद्दल बातमीत एक ओळ नसते.

मित्रहो, मी ग्रंथपाल नाही. माझ्याकडे फक्त एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात नामांतराच्या वेळची पत्रकं आहेत, सायक्लोस्टाईल अंक आहेत, कविसंमेलनांच्या निमंत्रणपत्रिका आहेत, मोर्चाच्या घोषणांचे कागद आहेत. स्टेन्सिल आम्ही रात्री कापायचो. चुकलं की लाल फ्लुइड लावायचं, वाळेपर्यंत फुंकर मारायची, मग पुन्हा टाईप. मशीनचं हँडल फिरवून हात भरून यायचे. शंभर प्रतींनंतर अक्षर फिकं पडायला लागायचं. शेवटच्या वीस प्रती वाचायच्या कमी अन् ओळखायच्याच जास्त. त्यातल्याच प्रती माझ्याकडे उरल्यात, कारण चांगल्या होत्या त्या वाटून झाल्या.

ती ट्रंक घेऊन मी मागे एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो. नाव घेत नाही. घेऊन उपयोगही नाही, कारण दुसऱ्या ठिकाणी गेलो असतो तरी निराळं काही घडलं नसतं. खिडकीमागचा पोरगा आपल्यातलाच होता. त्याने आधी जयभीम घातला, चहा मागवला, मग वरचे दोन अंक उलटून पाहिले.

"काका, याला दाखल अंक नाही."

"दाखलच झालेलं नाही तर अंक कुठून असेल?"

"तेच सांगतोय. स्कॅनिंग ठेक्यावर आहे. ठेकेदाराचं बिल पानामागे निघतं, अन् पानं दाखल नोंदवहीतल्या पुस्तकाची लागतात. बांधणी नाही, किंमत नाही, प्रकाशक नाही. हे मी कशात घालू?"

त्याचा दोष नव्हता. तो खरं बोलत होता. एका वाक्यात त्याने मला आख्खं डिजिटायझेशन समजावून सांगितलं : यंत्र नंतर येतं, नोंदवही आधी. वहीत नाही ते यंत्राच्या दृष्टीने नाहीच.

घरी आलो, ट्रंक पुन्हा कॉटखाली सारली, आणि हा प्रकार मुळात होतो कसा ते वाचत बसलो. ज्या विद्यापीठाने हे काम फार मोठ्या प्रमाणावर केलं त्याची हकीकत सांगतो. अमेरिकेतलं मिशिगन विद्यापीठ, गाव ॲन आर्बर. इतक्या लांबचं उदाहरण कशाला, असं कोणी म्हणेल. पण त्या कपाटांत आपली मराठी पुस्तकं आहेत. ती तिथे कशी गेली हे आधी ऐका, कारण त्यात आपल्या आयांच्या रेशनच्या रांगा आहेत.

१९५४ साली अमेरिकेने पब्लिक लॉ ४८० नावाचा कायदा केला. त्याखाली आपल्याकडे अमेरिकन गहू आला, मिलो आला. आपल्या म्हाताऱ्या अजून त्याला नावं ठेवतात. त्या धान्याचे पैसे भारताने रुपयांत दिले. ते रुपये अमेरिकेच्या खात्यावर इथेच पडून राहिले. मग ठरलं, त्यातल्या काही रुपयांतून इथली पुस्तकं घ्यायची. १९६२ पासून अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयाचं दिल्लीतलं कार्यालय भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवू लागलं. मिशिगन त्यांपैकी एक. म्हणजे इकडे गहू उतरला, तिकडे पुस्तकं चढली. मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्याच्या वाचनालयाला जी मराठी कादंबरी मिळाली नसेल ती बर्फाच्या मुलखात कपाटात नीट उभी राहिली.

याबद्दल मी कडू बोलणार नाही. आपल्याकडे वाळवीने खाल्लेली, पुरात गेलेली, रद्दीत विकलेली कितीतरी पुस्तकं तिथे वाचली. त्या माणसांनी राखलं ते राखलं. पण पुस्तक कुठल्या चाळणीतून गेलं तेही पाहा. जे छापलं गेलं, ज्याला किंमत होती, जे विक्रेत्याकडे मिळत होतं, ते सहज पोचलं. सभेच्या मांडवात फुकट वाटलेलं पत्रक, ज्याच्यावर ना किंमत ना पत्ता, ते पोचायला कुणीतरी मुद्दाम वाकून उचलावं लागतं. दलित लेखकाचं पुस्तक प्रकाशकाने काढलं असेल तर ते बोटीत चढलं. त्याच लेखकाच्या हातची स्टेन्सिल धक्क्यावरच राहिली. आणि आपलं साहित्य आधी स्टेन्सिलवर जन्मलं, पुस्तक त्याला फार पुढे मिळालं.

आता यंत्राची गोष्ट. डिसेंबर २००४ मध्ये गूगल कंपनीने जाहीर केलं की मिशिगन, हार्वर्ड, स्टॅनफर्ड, ऑक्सफर्ड आणि न्यूयॉर्कचं सार्वजनिक ग्रंथालय यांची पुस्तकं ती स्कॅन करणार. मिशिगनची सुमारे ७० लाख पुस्तकं त्यात होती. ग्रंथालयाचा स्वतःचा अंदाज होता, आपल्या वेगाने हे करायला हजार वर्षं लागतील. कंपनीचा मालक लॅरी पेज, जो याच विद्यापीठात शिकलेला, तो म्हणाला सहा वर्षांत करू. विद्यापीठाच्या तेव्हाच्या अध्यक्ष मेरी स्यू कोलमन यांनीच हे भाषणात सांगितलंय. पुढे २००८ साली मिशिगनसह काही अमेरिकन विद्यापीठांनी एकत्र येऊन स्कॅन झालेल्या पुस्तकांचं सामाईक कोठार उभारलं. त्याला नाव दिलं हाथीट्रस्ट. आपला हिंदीतला हाथी. हत्ती काही विसरत नाही, म्हणून.

हे नाव वाचून मी हसलो. हत्ती ही शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची निशाणी. १९५२ च्या निवडणुकीत आपल्या बापजाद्यांनी जी निशाणी पाहून मत टाकलं, ती आता १ कोटी ८० लाखांहून जास्त ग्रंथ पाठीवर घेऊन अमेरिकेत उभी आहे. तर या हत्तीला काय आठवतं आणि काय नाही, हे विचारायचा हक्क आपला थोडा जास्तच आहे.

पुस्तक स्कॅन होतं म्हणजे काय होतं? कपाटातून निघतं, त्याच्या पट्टीवरचा क्रमांक वाचला जातो, गाडीवर चढतं. ते कॅमेऱ्याखाली उघडतात, पान उलटतात, फोटो, पान उलटतात, फोटो. हे पान माणूस उलटतो. मोठमोठ्या जाहिरातीत तो दिसत नाही, पण कधी कधी फोटोत त्याचं बोट येतं. बोटावर रबराची टोपी, खाली अर्धी झाकलेली ओळ. ग्रंथालयाच्या भाषेत ही चूक. कळवलं की ते पान दुरुस्त करतात, म्हणजे बोट काढून टाकतात.

अँड्र्यू नॉर्मन विल्सन नावाचा एक कलावंत २००७ मध्ये गूगलच्या कॅलिफोर्नियातल्या आवारात कंत्राटावर कामाला होता. त्याला शेजारच्या इमारतीतून दुपारी बाहेर पडणारी माणसं दिसली. पहाटे कामावर यायची, दुपारी निघायची. त्यांच्या गळ्यात पिवळा बिल्ला. बहुतेक काळी, सावळी माणसं. बाकीच्यांना फुकट जेवण, सायकली, बस. पिवळ्या बिल्ल्याला त्यातलं काही नाही. ही पुस्तकं स्कॅन करणारी माणसं. विल्सन त्यांचं चित्रीकरण करायला, त्यांच्याशी बोलायला गेला आणि त्याची नोकरी गेली. २०११ मध्ये त्याने त्यावर चित्रफीत केली, नंतर पानांवर आलेल्या बोटांचे फोटोही मांडले.

मला वाटतं, हे बोट म्हणजे चूक नव्हे, ती पानावरची सही आहे. आपल्याला हे नवीन नाही. विहीर आपण खणायची अन् पाणी भरताना लांब उभं राहायचं. देऊळ आपण बांधायचं अन् पायरीखाली थांबायचं. ग्रंथ ज्याच्या हातून जगभर गेला त्याचा हात ग्रंथावरून पुसला की काम स्वच्छ झालं! इथेही ठेकेदाराकडे दिवसाला पानांच्या हिशेबावर बसलेली पोरं कोण असतात ते एकदा आत जाऊन पाहा. फीत कापतानाच्या फोटोत ती नसतात.

फोटो निघाला की कोठारात ठेवण्यापूर्वी त्याची प्रत तयार होते. मजकुराचं पान बहुधा निव्वळ काळं-पांढरं साठवतात, इंचाला ६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा यंत्र निकाल लावतं : काळा की पांढरा. मधलं काही नाही. छापखान्यातल्या पुस्तकाला हे उत्तम चालतं. अक्षर टोकदार दिसतं, जागा कमी लागते. पण आपला सायक्लोस्टाईल कागद घ्या. शाई करडी, कुठे दाट कुठे विरळ, मागच्या बाजूची अक्षरं पुढे उमटलेली. त्या कागदावर असा निकाल लावला की मागची शाई काळी होऊन पुढे येते आणि पुढचं फिकं अक्षर पांढरं होऊन जातं. मराठीत तर एक टिंब उडालं तरी अर्थ जातो. 'घरं' चं 'घर' होतं. १९७८ च्या पत्रकात कार्यकर्त्याने लिहिलं की वस्तीतली घरं पेटवली. यंत्राने टिंब खाल्लं की उद्याच्या अभ्यासकाच्या पुढ्यात एकच घर जळेल. यंत्राला जात नसते हे मला मान्य. पण यंत्र कुठला कागद समोर ठेवून जुळवलंय, हा प्रश्न उरतोच.

त्यानंतर अक्षरं ओळखायचं काम. पानाचा फोटो म्हणजे शोधता येणारा मजकूर नव्हे. यंत्राने अक्षरं वाचून मजकूर तयार केला तरच शब्द टाकून पान सापडतं. इंग्रजी अक्षर सुटं असतं, ते लवकर वाचता आलं. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकलेली, वर वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. सुरुवातीच्या वर्षांत देवनागरी पानाचा मजकूर म्हणून नुसता कचरा निघायचा. आता स्वच्छ छपाईचं मराठी यंत्र बरं वाचतं. स्टेन्सिलचं मराठी, हातचं मराठी अजून अडखळत वाचतं. मूकनायक हे नाव बाबासाहेबांनी १९२० साली दिलं, ते उगीच नाही. स्कॅन झालेलं पण शोधता न येणारं पान असंच असतं. आहे, पण बोलत नाही.

मग म्हणाल, मजकूर नाही तर नाही, पुस्तकाचं नाव टाकून तरी सापडेल? इथे तालिका आडवी येते. तिकडच्या तालिकेत मराठी पुस्तकाची नोंद पिढ्यान्‌पिढ्या रोमन लिपीत झाली. तीही आपण लिहितो तशी नाही. त्यांच्या नियमाने प्रत्येक अक्षरातला 'अ' लिहायचा. आपण 'नामदेव' म्हणतो तेव्हा 'म' अर्धवटच उच्चारतो. नोंदीत त्या 'म'ला आणि शेवटच्या 'व'लाही पुरा 'अ' लागतो, डोक्यावर रेघा, पोटाखाली टिंबं. ज्याला हा नियम शिकवला गेला तो दोन मिनिटांत पुस्तक काढतो. परभणीचा पोरगा मोबाईलवर मराठीत नाव टाकतो आणि पुस्तक तिथे असूनही त्याला वाटतं, नाही.

आणि विषय? पुस्तक कशाबद्दल आहे ते सांगणारा शब्दही ठरलेल्या यादीतूनच घ्यावा लागतो. अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयाची ती यादी जगभर चालते. आपल्याबद्दलच्या पुस्तकांवर तिच्यात कितीतरी वर्षं 'अनटचेबल्स' असा शिक्का होता. आपण कविता लिहिली, आत्मकथन लिहिलं, स्वतःला दलित म्हणवलं, बौद्ध म्हणवलं, तरी कपाटावर पाटी 'अस्पृश्य'. पुढे ती बदलून 'दलित्स' झाली. बदलली हे चांगलं झालं. पण आपल्या आज्यापणज्यांची नावं कचरू, दगडू, धोंड्या कशी पडली ते आठवा. दुसऱ्याचं नाव ठरवण्याचा अधिकार म्हणजे काय, हे आपल्याला शिकवायला नको. तालिका ही निरुपद्रवी यादी आहे असं जो म्हणतो त्याने गावात स्वतःचं नाव नीट ऐकलेलं असतं.

शेवटी कुलूप. आपल्या देशात लेखक वारल्यावर ६० वर्षांनी त्याचं लेखन सर्वांचं होतं. बाबासाहेब १९५६ ला गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेली पुस्तकं १ जानेवारी २०१७ पासून भारतात मोकळी झाली. अमेरिकेचा हिशेब निराळा, तिथे जुन्या पुस्तकाची ९५ वर्षं मोजतात. १९३६ चं 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' त्या हिशेबाने तिकडे २०३१ सरेपर्यंत बंद. हाथीट्रस्ट दोन्ही बाजूंनी सावध राहतं. अमेरिकेबाहेर छापलेलं ९५ वर्षांपूर्वीचं पुस्तक ते अमेरिकेत उघडतं. पण अमेरिकेबाहेरच्या वाचकाला तेच पुस्तक बहुधा १४० वर्षं झाल्याशिवाय उघडत नाही. लेखक कधी वारला हे एकेका पुस्तकासाठी कोण शोधत बसणार, म्हणून हा सरसकट नियम. आता याचा अर्थ लावा. जोतिराव फुले १८९० ला गेले. 'सार्वजनिक सत्यधर्म' १८९१ ला छापून आलं. भारतात ते कधीचंच सगळ्यांचं आहे. पण त्या साली पुण्या-मुंबईत छापलेलं पुस्तक या नियमाने ॲन आर्बरचा विद्यार्थी वाचेल आणि पुण्याचा विद्यार्थी २०३० पार होईपर्यंत कुलूप पाहील. पुस्तक इथलं, लेखक इथला, ज्यांच्यासाठी लिहिलं ती माणसं इथली, अन् त्यांनाच मज्जाव! त्या ग्रंथपालांच्या मनात वाईट काही नाही, हे मला ठाऊक आहे. कंपनीवर आणि विद्यापीठांवर लेखकसंघाने खटले घातले होते, ते वर्षानुवर्षं चालले. कोर्टाने शेवटी ग्रंथालयांच्या बाजूने कौल दिला, अंध विद्यार्थ्यांना पूर्ण मजकूर देणं योग्य ठरवलं, आणि ते फार मोठं काम झालं. तरी कुलूप कुठल्या बाजूने घातलंय ते दाराबाहेर उभ्या असलेल्यालाच नीट दिसतं.

इथपर्यंत बोट दुसऱ्याकडे होतं. आता आपल्याकडे. आपण तरी काय केलं? आपल्या पत्रकांवर तारीख नसते. 'येत्या रविवारी सायंकाळी ठीक सहा वाजता'. कुठला रविवार? कुठलं साल? खाली सही 'आपले नम्र, सर्व कार्यकर्ते'. म्हातारा कार्यकर्ता गेला की तेराव्या दिवशी पोरं रद्दीवाल्याला हाक मारतात. जयंतीच्या डीजेला वर्गणी निघते, एका पत्र्याच्या कपाटाला निघत नाही. शासनाने बाबासाहेबांचे इंग्रजी खंड काढले, पहिला १९७९ ला आला. त्यासाठी वसंत मून यांनी किती कागद हुडकले, किती दारं ठोठावली ते आठवा. बाबासाहेबांचे कागद हुडकायला असा माणूस लागला, तर आपले कोण हुडकणार आहे?

मी असं म्हणत नाही की आपण विद्यापीठाच्या दाराशी जाऊ नये. जावं, भांडावं, आत शिरावं. पण रिकाम्या हाताने जाऊ नये. दाखल नोंदवही आपणच करावी. दोनशे पानी वही पुरे. क्रमांक, काय आहे, कोणी काढलं, कुठल्या गावचं, तारीख, पानं किती, कोणाकडून मिळालं. मराठीत लिहा, मराठी नावं मराठीतच राहू द्या. विषयाच्या रकान्यात आपला शब्द आपण घाला. फोटो काढायचा तर रंगीत काढा, काळा-पांढरा नको, म्हणजे फिकी शाई फिकी म्हणून तरी राहील. इंचाला ३००-४०० ठिपके भरपूर झाले. व्हॉट्सॲपवर फिरवलेला फोटो म्हणजे जतन नव्हे, तिथे तो आक्रसतो. आणि मूळ कागद फेकू नका. मिशिगनने १९९० च्या दशकात पहिला मोठा प्रकल्प केला तेव्हा जुन्या पुस्तकांची पानं ठिसूळ झाली म्हणून बांधणी काढून ती स्कॅन केली. त्यांना परवडलं. आपल्याकडे एकेकच कागद उरलाय.

प्रती मात्र एका ठिकाणी ठेवायच्या नाहीत. हत्तीचं कोठारसुद्धा ॲन आर्बरला एक आणि इंडियानापोलिसला एक असं दोन गावांत आहे. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले. त्यांची पुस्तकं वेगळ्या बोटीने निघाली होती. ती बोट जर्मनांनी बुडवली. एवढी पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकं समुद्रात गेली. तेव्हा इलाज नव्हता. आज आहे.

मी सुरुवात केलीय. वहीत पहिली नोंद अशी : दाखल अंक १. पत्रक, सायक्लोस्टाईल, एक पान, पाठपोट. विषय : नामांतर. गाव : औरंगाबाद. तारीख : नाही. मजकुरात 'येत्या गुरुवारी' एवढंच आहे. शेवटची ओळ फिकी, वाचता येत नाही.

तुमच्या घरात, बापाच्या पेटीत, चुलत्याच्या माळ्यावर याचीच दुसरी, ठळक प्रत असेल. शोधा. तो गुरुवार कोणता होता आणि शेवटची ओळ काय होती, ते मला कळवा. रकाना मी मोकळा ठेवलाय.

जयभीम.